‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’ बसवताना: शायलॉक, कोर्ट आणि दयेची भाषा

शेक्सपिअरचं हे नाटक बसवायला घेतलं की पहिल्या आठवड्यातच वाद सुरू होतो: व्याजाने पैसे देणारा ज्यू शायलॉक खलनायक की बळी? बऱ्याच संचांचा तालमींचा वेळ या एका वादात जातो. बाकीची पात्रं मग नुसती हसरी, देखणी आणि प्रेमात पडलेली राहतात, आणि नाटक तिथेच हातातून सुटतं. या नाटकातला धर्मद्वेष आणि दांभिकपणा दाखवायचा असेल तर मेहनत व्यापारी अँटोनिओ, त्यांच्या टोळक्यातला ग्रॅशियानो, श्रीमंत पोर्शिया आणि व्हेनिसचा शासक ड्यूक यांच्यावर घ्यावी लागते. त्यांच्या तोंडी फार सुंदर शब्द आहेत आणि ते शब्द त्यांनी मनापासून बोलायला हवेत. दांभिक माणसाला आपण दांभिक आहोत हे ठाऊक नसतं. नटाने डोळा मिचकावून ‘बघा, मी ढोंगी आहे’ असं दाखवलं की प्रेक्षक निर्धास्त होतो आणि प्रवेश मरतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

वाचनाच्या बैठका

उभ्या तालमीआधी दोन-दोन तासांच्या निदान पाच बैठका ठेवा. पहिलीत काळ समजून घ्या. तारखा मोजक्याच लागतात, पण त्या नटांच्या डोक्यात पक्क्या बसायला हव्यात. इंग्लंडमधून ज्यूंना 1290 साली हद्दपार केलं गेलं आणि 1656 पर्यंत त्यांना तिथे उघडपणे राहता येत नव्हतं. नाटक लिहिलं गेलं 1596-97 च्या सुमारास. म्हणजे लंडनच्या प्रेक्षकांतल्या बहुतेकांनी आपला धर्म उघड पाळणारा ज्यू शेजारी कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांच्याकडे होत्या त्या ऐकीव गोष्टी, आणि 1594 मधला रॉड्रिगो लोपेझचा देहदंड. लोपेझ हा राणीचा वैद्य, जन्माने ज्यू घराण्यातला. राणीवर विषप्रयोगाचा कट केल्याचा आरोप त्याच्यावर होता. आणखी एक गोष्ट जरूर सांगा: 1571 च्या कायद्यानंतर इंग्लंडमध्ये दहा टक्क्यांपर्यंतचं व्याज चालवून घेतलं जात होतं. व्याज घेणारे ख्रिस्ती लोक त्या प्रेक्षागृहातही बसलेले असणार.

व्हेनिसमध्ये 1516 पासून ज्यूंना घेट्टोत, म्हणजे फक्त त्यांच्यासाठीच्या बंदिस्त वस्तीत, राहावं लागे. रात्री दरवाजे बंद होत आणि पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंच्याच माथी असे. उदरनिर्वाहाच्या वाटा मोजक्या: व्याजाने पैसे देणं, जुन्या कपड्यांचा व्यापार, वैद्यकी. मात्र नाटकात घेट्टोचा उल्लेख नाही. शायलॉकच्या घराला रस्त्याकडची खिडकी आहे आणि तिच्याखालून मुखवटे घातलेली मिरवणूक जाते. नेपथ्यात घेट्टोचा दरवाजा उभारलात तर ती तुमची भर आहे, एवढं भान असू द्या.

दुसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाने चार रंगांच्या पेन्सिली हाताशी ठेवायच्या. लाल रंग शायलॉकला नावाऐवजी नुसतं ‘ज्यू’ म्हटलं आहे तिथे. निळा त्याला कुत्रा, लांडगा, सैतान म्हटलं आहे तिथे. हिरवा ‘दया’ आणि ‘सभ्य’ या अर्थाच्या शब्दांवर. पिवळा पैशाच्या आकड्यांवर. चौथा अंक रंगवून झाला की पानं टेबलावर शेजारी-शेजारी मांडा. लाल आणि हिरवा किती जवळजवळ पडलेत हे बघितल्यावर दिग्दर्शकाला फारसं भाषण करावं लागत नाही.

पिवळ्याकडेही नीट बघा. अँटोनिओच्या मित्राला, बसॅनिओला, पोर्शिया या श्रीमंत वारसदारणीला मागणी घालायला जायचंय आणि त्यासाठी थाट हवाय. अँटोनिओची सगळी मालमत्ता समुद्रावर आहे, म्हणून शायलॉककडून तीन महिन्यांसाठी 3000 डुकॅट, म्हणजे सोन्याची नाणी, घ्यायचे. मुदतीत फेडले नाहीत तर अँटोनिओच्या अंगचं एक पौंड मांस शायलॉकने कापून घ्यायचं, अशी अट. व्याजाला पाप म्हणणाऱ्या मंडळींची प्रेमकहाणी ज्याच्यावर ती थुंकतात त्याच्या पैशावर उभी राहते. बसॅनिओच्या नटाला हे पहिल्या दिवसापासून माहीत हवं, बसॅनिओला मात्र ते जाणवता कामा नये.

मराठी संहिता: शब्द ठरवून घ्या

इथे मराठी आपल्याला इंग्रजीपेक्षा जास्त मदत करते, कारण आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण जिवंत आहेत. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात अँटोनिओ रागावला की शायलॉकला एकेरीवर येतो. शायलॉक त्याला मानाने बोलतो. ‘तुम्ही माझ्या दाढीवर थुंकलात’ हे वाक्य ‘तुम्ही’मध्येच बोललं गेलं पाहिजे. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात तराजू फिरतो. अँटोनिओ बेड्यांत आहे, आता तो ‘भल्या शायलॉक’ म्हणून विनवतो, आणि शायलॉक पहिल्यांदा त्याला ‘तू’ म्हणतो: कारण नसताना तू मला कुत्रा म्हणालास, आता माझ्या सुळ्यांपासून जप. भाषांतरात सगळीकडे सरसकट ‘तू’ केलंत तर हा क्षण हरवतो. रंगावृत्ती तयार करताना फक्त संबोधनांसाठी एक वाचन वेगळं ठेवा.

मूळ संहितेत ‘सभ्य’ आणि ‘ज्यू नसलेला’ या दोन अर्थांच्या शब्दांवर श्लेष आहे. ड्यूक कोर्टात ‘सभ्य उत्तराची अपेक्षा आहे’ असं म्हणतो, तेव्हा तो नकळत ‘ख्रिस्ती उत्तर दे’ असंही म्हणतो. बापाचं घर लुटून ख्रिस्ती लोरेन्झोबरोबर पळालेल्या शायलॉकच्या मुलीचं, जेसिकाचं, कौतुकही त्याच शब्दाने होतं. मराठीत हा श्लेष साधत नाही. उपाय साधा आहे: ‘सभ्य’ हा एकच शब्द धरा आणि प्रत्येक जागी तोच वापरा. एकदा सुशील, एकदा कुलीन, एकदा नम्र असं केलंत तर धागा तुटतो.

‘दया’चंही तेच, आणि इथली चूक जास्त महागात पडते. पोर्शियाच्या भाषणात ‘करुणा’, ड्यूकच्या तोंडी ‘कृपा’ आणि अँटोनिओकडे ‘माफी’ असं वैविध्य भाषांतरकाराला सुचतं. वाचायला छान वाटतं. पण प्रेक्षकाने तोच शब्द तिघांच्या तोंडून ऐकला नाही, तर बोलणं आणि वागणं यातलं अंतर त्याला कळणार कसं? सगळीकडे ‘दया’.

कर्जाच्या कागदाला ‘रोखा’ म्हणा. शायलॉक तो शब्द पुन्हापुन्हा आपटतो. ‘करारनामा’ लांबडा आहे, त्यात ठोका बसत नाही. ‘सावकार’ हा शब्द मात्र जपून वापरा. तो उच्चारला की मराठी प्रेक्षकासमोर एक तयार चित्र येतं, आणि मग धर्माचा प्रश्न बाजूला पडून कर्जबाजारीपणाचं वेगळंच नाटक सुरू होतं. पौंडाचं शेर करू नका.

काय कापायचं, काय नाही

नाटकात वीस प्रवेश आहेत आणि त्यातल्या पाचांतच शायलॉक आहे. पूर्ण प्रयोग अडीच तासांच्या पुढे जातो, तेव्हा कात्री लागणारच. शायलॉकचा नोकर लाँसलॉट आणि त्याच्या बापाचा विनोद, अॅरागॉनच्या राजपुत्राचं भाषण, पाचव्या अंकातली अंगठ्यांची लांबलेली थट्टा, इथे खुशाल कापा.

अवघडल्यासारखं होतं म्हणून ज्या ओळी कापाव्याशा वाटतात, त्या मात्र ठेवा. ‘तो ख्रिस्ती आहे म्हणून मी त्याचा द्वेष करतो’ हे शायलॉकचं स्वगत ठेवा. ते काढलंत तर तो संत होतो आणि नाटक एकतर्फी होतं. पोर्शियाला मागणी घालायला आलेला सावळा मोरोक्कोचा राजपुत्र पेटी निवडण्यात हरून गेल्यावर ‘त्याच्या रंगाच्या साऱ्यांनी अशीच निवड करावी’ असं पोर्शिया म्हणते, ती ओळ ठेवा. दयेवर बोलणारी बाई हीच, हे प्रेक्षकाला आधीच कळलेलं असतं. ज्यू धर्मांतर करायला लागले तर डुकराचं मांस महागेल हा लाँसलॉटचा विनोदही ठेवा. तो ओंगळ आहे आणि तो तसाच ऐकू यायला हवा.

दुसऱ्या अंकाच्या आठव्या प्रवेशाबद्दल खास सांगायला हवं. ‘माझी मुलगी! माझे डुकॅट!’ असं रस्त्यात ओरडणारा शायलॉक सगळ्यांना आठवतो, पण तो रंगमंचावर कधी येतच नाही. अँटोनिओचा मित्र सोलानिओ त्याची नक्कल करून दाखवतो आणि सालारिनो सांगतो की गावची पोरं त्याच्यामागे लागली होती. ती ऐकीव नक्कल आहे, करणारा शत्रू आहे. काही प्रयोगांत ही ओळ शायलॉकलाच देतात. तसं केलं की टवाळखोरांची साक्ष खरी ठरते. नक्कल सोलानिओनेच करावी, हसवावी, आणि चांगली हसवावी. मग दोनच प्रवेशांनंतर खरा शायलॉक मुलगी गमावलेल्या बापासारखा येतो आणि आपण कशाला हसलो होतो हे प्रेक्षकाला आपोआप आठवतं.

शायलॉक

नाक, कुबड, चेंगट आवाज, हात चोळणं, यातलं काहीही नको. लाल केसांच्या विदूषकी शायलॉकची परंपरा जुनी आहे. 1741 मध्ये चार्ल्स मॅकलिनने त्याला गंभीर आणि भयंकर केलं, 1814 मध्ये एडमंड कीनने लाल टोप टाकून काळा घातला, 1879 मध्ये हेन्री आयर्विंगने त्याला प्रतिष्ठित, दुखावलेला गृहस्थ केलं. उलट टोकही लक्षात ठेवा: 1943 मध्ये नाझी अमलाखालच्या व्हिएन्नात हेच नाटक ज्यूद्वेषाच्या प्रचारासाठी वेर्नर क्राउसला घेऊन केलं गेलं. त्याच संहितेतून हे सगळं निघालं आहे. नुसती संहिता तुम्हाला वाचवणार नाही.

‘ज्यूला डोळे नसतात का?’ हे भाषण म्हणजे नटाची परीक्षा. नेहमीची चूक ही, की नट पुढे येतो, प्रकाश त्याच्यावर गोळा होतो आणि तो मानवतेवर प्रवचन देतो. ते भाषण गद्यात आहे, आणि समोर सालारिनो आणि सोलानिओ आहेत, जे त्याच्या पळालेल्या मुलीवरून चेष्टा करायला आलेत. त्याने त्यांच्याकडे बघून, त्यांच्यापासून हातभर अंतरावर बोलावं. भाषणाचे तीन तुकडे करा. पहिल्यात अपमानांची यादी: माझ्या तोट्याला हसला, नफ्याची टर उडवली, जमातीला हिणवलं, सौदे मोडले, मित्र तोडले, शत्रू पेटवले. हे सहा हिशेबाच्या नोंदी वाचाव्यात तसे, एका श्वासात. मग ‘आणि कारण काय? मी ज्यू आहे’ आणि थांबा. दुसऱ्यात डोळे, हात, भूक, आजार यांचे प्रश्न. इथे आवाज चढवण्याची गरज नाही. तिसरा तुकडा सुडाचा: ख्रिस्ती माणूस अपमान झाल्यावर काय करतो? सूड घेतो. मग मी तुमच्याकडूनच शिकलो. भाषण इथे पोचण्यासाठी निघालेलं आहे. टाळ्या दुसऱ्या तुकड्यावर येत असतील तर नट चुकीच्या जागी थांबतोय.

लगेच शायलॉकचा ज्यू मित्र ट्युबल येतो. जेसिकाने एका माकडाच्या बदल्यात एक अंगठी दिल्याचं तो सांगतो. शायलॉक म्हणतो, ती माझी फिरोज्याची अंगठी, लग्नाआधी लीआने दिलेली, रानभर माकडांसाठीही मी ती दिली नसती. बायकोचं नाव नाटकात एवढ्या एकाच जागी येतं. ही ओळ हळू आणि कोरडी बोलावी. नट रडला तर पुढच्या ओळीतला सुडाचा थंडपणा त्याला सापडत नाही.

खटला

चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश साडेचारशे ओळींच्या आसपास आहे. त्याला एकट्यालाच एकूण तालमींतल्या एक तृतीयांश तालमी द्या.

हालचाली बसवताना शायलॉकला एका बाजूला एकटं आणि बाकी साऱ्यांना दुसऱ्या बाजूला उभं करण्याचा मोह होतो. चित्र छान दिसतं, पण वकिलाच्या वेषात आलेल्या पोर्शियाचा पहिला प्रश्न वाया जातो: ‘यातला व्यापारी कोण आणि ज्यू कोण?’ अँटोनिओ आणि शायलॉक सारख्याच उंचीवर, सारख्याच अंतरावर असतील आणि पोशाखात फार फरक नसेल, तरच हा प्रश्न टोचतो. पोर्शियाने तो खरोखर विचारावा. त्यानंतर कोर्टातले लोक हळूहळू अँटोनिओकडे सरकावेत. पाच-सहा माणसं, प्रत्येकी दोन पावलं, वेगवेगळ्या ओळींवर. सगळे एकदम सरकले तर कवायत दिसते.

प्रॉपर्टीचं आधीच बघा. सुरीची धार पूर्ण घासून काढा, टोक गोल करा, आणि तालमीतही तीच वापरा. शायलॉक ती बुटाच्या तळव्यावर परजतो असं ग्रॅशियानोच्या टोमण्यातून कळतं, म्हणून बुटाचा तळवा चामड्याचाच हवा. रबरावर आवाज निघत नाही. पातं फार चकचकीत असेल तर ते प्रेक्षकांच्या डोळ्यांत चमकतं. साबणाचा हात फिरवून ते मंद करा. तराजू दोन पारड्यांचा, हातात धरायचा, आणि एका पारड्यात खरं वजन. पौंड म्हणजे सुमारे 450 ग्रॅम. पोकळ वजन ठेवलं तर दांडी भलतीकडे कलते आणि प्रेक्षकाला ते दिसतं. तो तराजू शायलॉक गेल्यावरही मंचावर राहू द्या.

शायलॉकचं गुलामांबद्दलचं बोलणं घाईत उरकू नका. तुम्ही माणसं विकत घेतलीत, त्यांना गाढवांसारखं राबवता. मी म्हणू का, त्यांना सोडा, तुमच्या वारसांशी त्यांची लग्नं लावा? तुम्ही म्हणाल, ते आमचे आहेत. तसंच हे मांस माझं आहे. नीट वाचा: याचं उत्तर कोणीही देत नाही. ड्यूक लगेच म्हणतो की वाटल्यास मी कोर्ट बरखास्त करू शकतो. या दोन वाक्यांमध्ये तीन सेकंदांची शांतता हवी आणि त्या तीन सेकंदांत कोर्टातल्या एकानेही दुसऱ्याकडे बघू नये.

पोर्शियाचं दयेवरचं भाषण मनापासून, शायलॉकला पटवण्यासाठी व्हावं. त्या क्षणी तिला अँटोनिओला वाचवायचं आहे. पण मांस घे, रक्त मात्र सांडू नकोस, असं ती म्हणते आणि बाजी पलटल्यावर शायलॉक नुसतं मुद्दल मागतो, तेव्हा बसॅनिओ द्यायला तयार असताना तीच अडवते: भर कोर्टात त्याने नाकारलं आहे, त्याला फक्त न्याय मिळेल. नटीने इथे आवाज कठोर करू नये. भाषणातला तोच प्रसन्न, स्पष्ट आवाज ठेवावा. प्रेक्षकाला दोन्ही वाक्यं एकाच गळ्यातून आल्याचं ऐकू यायला हवं.

पुढे परक्या माणसाचा कायदा निघतो. नागरिकाच्या जिवावर उठलेल्या परक्याची अर्धी संपत्ती त्या नागरिकाला, अर्धी राज्याला, आणि जीव ड्यूकच्या हाती. ‘परका’ या शब्दावर पोर्शियाने जोर देऊ नये. तो कायद्याच्या पुस्तकातला साधा शब्द आहे, जोर शायलॉकच्या चेहऱ्यावर उमटेल. ड्यूक म्हणतो, आमच्या वृत्तीतला फरक तुला दिसावा म्हणून मागण्याआधीच जीवदान देतो. पोर्शिया विचारते, ‘अँटोनिओ, तू काय दया दाखवशील?’ आणि अँटोनिओ अटी घालतो: अर्धी संपत्ती माझ्या हाती, पुढे ती लोरेन्झोला, त्याने ताबडतोब ख्रिस्ती व्हावं, मरणोत्तर सगळं मुलगी-जावयाच्या नावे करावं.

अँटोनिओच्या नटाला इथे सूड खेळायचा मोह होतो. तो मोडून काढा. त्या काळच्या श्रद्धाळू ख्रिस्ती माणसाच्या मते बाप्तिस्म्याने आत्मा वाचतो. अँटोनिओ आपण भलं करतोय असंच मानतो. ओळ नितळ, थोडी थकलेली, औदार्याने बोलायची. ती जितकी प्रेमळ येईल तितका अंगावर काटा येतो. शायलॉकने त्या शब्दावर किंकाळी फोडू नये, जमिनीवर कोसळू नये. ‘मला मान्य आहे’, एवढंच. मग बरं वाटत नाही, मला जाऊ द्या, कागद पाठवा, सही करीन. बाहेर जायला सर्वांत लांबची विंग द्या. मंचाच्या आकारानुसार बारा ते पंधरा पावलं, संगीत नाही.

राहिला ग्रॅशियानो. बाजी पलटल्यावर ‘दुसरा दानिएल’ (बायबलमधला शहाणा न्याय करणारा) म्हणून तो शायलॉकचाच शब्द त्याच्यावर फेकतो, तेव्हा प्रेक्षक हसतात. हसू द्या. तालमीत मात्र त्याच्या हशांना उतरती कळा लावा: पहिल्यावर सगळं कोर्ट हसतं, दुसऱ्यावर तीन-चार जण, फुकट फास द्यायच्या विनोदावर एक, आणि शायलॉक निघताना फाशीच्या ओळीवर एकटा ग्रॅशियानो. हे न बसवता सोडलंत तर कोर्टातला जमाव शेवटपर्यंत हसत राहतो आणि प्रेक्षागृहही त्याच्यासोबत.

एक सराव दोनदा तरी करा. शायलॉकचा नट जागेवर उभा राहील पण एक शब्दही बोलणार नाही. बाकीच्यांनी आपल्या सगळ्या ओळी त्याला उद्देशून बोलायच्या. कोर्ट कसं ऐकू येतं ते साऱ्यांना कळतं.

पाचवा अंक

चांदणं, संगीत, अंगठ्यांची गंमत. इथे बहुतेक प्रयोग सैल पडतात, कारण सगळ्यांना शायलॉक गेल्याबरोबर नाटक संपलंय असं वाटतं. धागा जेसिकाकडे द्या. ‘गोड संगीत ऐकलं की मी कधीच आनंदी नसते’ ही तिची शेवटची ओळ. त्यानंतर ती पूर्ण अंकभर मंचावर आहे आणि गप्प आहे. तिला कोपऱ्यात शोभेला उभी करू नका. आलेल्या पाहुण्यांत कोण तिच्याशी बोलतं, कोण तिला ओलांडून लोरेन्झोशी बोलतं, हे नक्की करा. पोर्शिया घरात येऊन सगळ्यांशी बोलते, तेव्हा तिचं लक्ष जेसिकाकडे किती वेळाने जातं तेही ठरवा.

शेवटाकडे पोर्शियाची सखी नेरिसा बक्षीसपत्र देते, ‘श्रीमंत ज्यूकडून’. बाप मेल्यावर मिळणाऱ्या मालमत्तेचा तो कागद. लोरेन्झो खूश होऊन म्हणतो, उपाशी लोकांच्या वाटेत तुम्ही मान्ना सांडलात. मान्ना म्हणजे मिसरमधून निघालेल्या ज्यूंना वाळवंटात मिळालेलं अन्न. हा शब्द भाषांतरात ‘अमृत’ करू नका. कागद लोरेन्झोने वाचावा आणि जेसिकाच्या हाती द्यावा. खाली बापाची सही आहे. बाकीचे हसत आत जातात, लोरेन्झो दारातून तिला हाक न मारता नुसता हात पुढे करतो, आणि दिवे मंद होईपर्यंत तिची नजर त्या सहीवरून हललेली नसते.